गाडीत राहिली

"अगं ए बाई, दुपट्याचं गाठोडं घेऊन बसलीस, आन् पोर कुठाय तुजं?"

हरभऱ्याचे डहाळे विकणारी एक बाई माझा दंड धरून मला हलवत होती. मी डोळे उघडले. समोर रस्ता होता, पलीकडे चहाची टपरी होती, ऊन चांगलंच वर आलं होतं. फाट्यावरच्या सिमेंटच्या बाकावर मी बसले होते. खांद्याला पिशवी होती आणि मांडीवर दुपट्यांचं गाठोडं. ते मी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"पोर गं, पोर! मगाशी गाडीतनं उतरलीस तवा मला वाटलं, गाठोड्यात पोरच हाय. आता बघतीया तर नुसती फडकी."

मी गाठोड्याकडे पाहिलं, मग बाईकडे. तोंडातून कसेबसे दोन शब्द निघाले.

"गाडीत राहिली."

आणि मग मी किंचाळले. ते किंचाळणं माझंच होतं हेही मला जरा उशिरा कळलं.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. माझी केतकी तेव्हा अडीच महिन्यांची होती. आम्ही हिवरवाडीत राहायचो. माझे यजमान, गजानन पाटणे, तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्या महिन्यात सगळ्या मास्तरांना जनगणनेचं काम लागलं होतं. हे सकाळी साडेसहाला कागदांची पिशवी घेऊन वाड्यावस्त्यांवर निघायचे, ते दिवेलागण झाल्यावर यायचे आणि जेवून कागद पुरे करत बसायचे. सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुरात बसायचं नाही. मला माहेरी आई नव्हती. वहिनीने सव्वा महिना केलं, तिचं तिला लहान मूल होतं, मग दादा मला आणून सोडून गेला.

आणि केतकी रडायची. किती रडायची ते सांगितलं तरी कुणाला खरं वाटणार नाही. पोटात कळ यायची म्हणा, दूध पचत नव्हतं म्हणा, पण पाय पोटाशी घेऊन लालबुंद होऊन रडायची. वीस मिनिटं झोपायची, दोन तास रडायची. दिवस नाही, रात्र नाही. वेखंड लावलं, बाळघुटी दिली, ओव्याचा शेक दिला, कुणी सांगितलं म्हणून दृष्टही काढली. सासूबाई म्हणायच्या, "पोरं रडायचीच. आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?" त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटायचं. हे म्हणायचे, "शालन, तूसुद्धा तिच्याबरोबर झोपत जा ना." ती झोपायची तेव्हा चुलीवर भाकरी असायची, किंवा धुण्याचा पिळा हातात असायचा.

जानेवारी संपता संपता मला काहीतरी व्हायला लागलं. पोर शांत झोपलेली असताना मला तिचं रडणं ऐकू यायचं. मी धावत जायचे, तर ती गाढ झोपलेली. चहात साखरेऐवजी मीठ टाकलं, तेही लागोपाठ दोन दिवस. भाकरी थापता थापता उभ्या उभ्याच डोळा लागला आणि मनगट तव्याला टेकलं. रेशनच्या दुकानात दुकानदाराने नाव विचारलं आणि मला आठवेना. तो हसला, मीही हसले. मागची बाई म्हणाली, "बाळंतिणीचं असंच असतं." घरी येताना मी रस्त्यात रडले. पण रडायलाही ताकद लागते, ती फार वेळ पुरली नाही.

त्या दिवशी केतकीचा ट्रिपलच्या लसीचा डोस होता. आरोग्य केंद्र फाट्यापासून आत तीन किलोमीटरवर. हे म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मी येतो." मी म्हणाले, "नाही, तारीख आजची आहे." माझी मीच निघाले. साडेदहाची गाडी पकडली, फाट्यावर उतरले, गाडी तालुक्याला निघून गेली, आणि पोर तिच्यात राहिली.

माझ्या किंचाळण्याने फाट्यावरची सगळी माणसं गोळा झाली. टपरीवाला आला, सायकलचं पंक्चर काढणारा आला. पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "पिशवी विसरत न्हाईत बाया, आन् पोटचं पोर विसरती? काय जमाना आला." कुणी म्हणालं, पोलिसांना सांगा. कुणी म्हणालं, गाडी मधे दोन ठिकाणी थांबते, कुणी उचलून नेलं तर?  ते ऐकून मी रस्त्यावरच बसले. डहाळेवालीने मला काखेत धरून उठवलं आणि म्हाताऱ्यावर खेकसली, "ए बाबा, तोंड बंद ठेव तुजं. गाडी कुठवर गेली असंल ते बघा आदी."

तेवढ्यात दुधाचा टेम्पो आला. डहाळेवाली रस्त्यात आडवीच उभी राहिली. टेम्पोवाला रमजान मुलाणी, हिवरवाडीच्या डेअरीचं दूध तोच न्यायचा, म्हणून मला तोंडओळखीने ओळखत होता. त्याने सगळं ऐकलं, क्लीनरच्या बाजूचं दार उघडलं आणि एवढंच म्हणाला, "बसा वहिनी."

तालुक्याचं गाव फाट्यापासून बावीस किलोमीटर. रमजानभाईंनी टेम्पो असा हाणला की मागचे दुधाचे कॅन एकमेकांवर आपटून नुसता कल्लोळ चालला होता. पुढच्या थांब्यावर त्यांनी ओरडून विचारलं. गाडी जाऊन पंधरा मिनिटं झाली होती. बाळ घेऊन कुणी उतरलेलं दिसलं नव्हतं.

आणि आता जे सांगते ते सांगायला मला आजही लाज वाटते. त्या टेम्पोत मी झोपले.

माझी पोर कुठे आहे, जिवंत आहे की सीटवरून खाली पडली आहे, कुणाच्या हातात आहे, काहीच ठाऊक नव्हतं. मी देवाचा धावा करत होते. ओठ हलत होते. आणि धावा करता करता माझं डोकं काचेवर आपटलं, मी दचकून जागी झाले, पुन्हा हात जोडले आणि पुन्हा झोपले. दुसऱ्या थांब्यावर रमजानभाईंनी मला हाक मारून उठवलं.

"वहिनी, वहिनी! इथंबी कोण उतरलं न्हाई म्हणत्यात. गाडीतच असणार." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "बरं वाटत न्हाई का?"

"मी झोपले होते का?"

त्यांनी रस्त्याकडे तोंड वळवलं. "न्हाई न्हाई. डोळं मिटलं होतं जरा."

मी माझ्या हाताला कडकडून चावले. जिथे तव्याने भाजल्याचा डाग होता तिथेच चावले, म्हणजे जास्त दुखेल. तरीही तालुक्याचं स्टँड येईपर्यंत मी आणखी दोनदा झोपले.

स्टँडवर आमची गाडी उभी होती, रिकामी. मी तिच्यात चढून एकेक सीट पाहिलं, सीटखाली वाकून पाहिलं. तिसऱ्या सीटवर केतकीचा एक पायमोजा सापडला. तो हातात घेऊन मी खाली उतरले तेव्हा कंट्रोलरच्या खिडकीतून कंडक्टर धावत आला.

"त्या बाळाची आई का तुम्ही? अहो कुठं होता तुम्ही? पोर रडायला लागली तेव्हा आम्हाला कळलं! गाडी तवर चार मैल पुढं आलेली."

"कुठाय ती?"

कंडक्टरने कंट्रोलरकडे पाहिलं. कंट्रोलर चष्मा लावलेला, सावध माणूस होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग विचारायला सुरुवात केली. त्याचंही बरोबर होतं. उद्या कुणीही येईल आणि माझं मूल म्हणेल.

"बाळाच्या अंगात काय होतं?"

मी तोंड उघडलं आणि मला आठवेना. सकाळी मीच तिला कपडे घातले होते. झबलं होतं की फ्रॉक होता? पिवळा? पांढरा?

"पिवळा," मी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"गालाला तीट आहे. कोणत्या गालाला?"

"उजव्या." मग म्हणाले, "नाही, डाव्या. थांबा." मी माझ्याच गालांना हात लावून बघत होते.

कंट्रोलर हळूच कंडक्टरला म्हणाला, "चौकीवर फोन लाव." मी त्याचे पाय धरले. रमजानभाई मधे पडले, म्हणाले, "साहेब, मी वळखतो ह्यांना. पाटणे गुर्जींचं कुटुंब हाय." पण कंट्रोलर म्हणाला, "तुम्ही बाईंना ओळखता, बाळाला ओळखता का?"  रमजानभाईंनी बाळ पाहिलंच नव्हतं.

शेवटी कंट्रोलर स्वतःच मला घेऊन निघाला. रस्ता ओलांडला की सरकारी दवाखाना. बाळाला तिथल्या बाळंतिणीच्या खोलीत ठेवलं होतं. आम्ही व्हरांड्यात पाऊल ठेवलं आणि आतून रडणं ऐकू आलं. एरवी मला दिवसरात्र ऐकू येणारं ते रडणं होतं की खरं, मला कळेना. पण माझ्या अंगाला कळलं. पान्हा फुटला. ब्लाऊज आणि पदर दोन्ही भिजले.

दारात एक उंच, सावळ्या बाई उभ्या होत्या. पांढरी साडी, पन्नाशीच्या आसपास वय, केस करकचून बांधलेले. त्या दवाखान्याच्या मुख्य सिस्टर, एस्तेर सातपुते. कंट्रोलर त्यांना म्हणाला, "सिस्टर, या बाई म्हणतात आई आहे, पण कपड्याचा रंगसुद्धा सांगता येत नाही यांना."

सिस्टरांनी माझ्या भिजलेल्या पदराकडे पाहिलं.

"रंग कशाला पाहिजे? आई हीच आहे. जा तुम्ही."

मी आत धावले. सिस्टरांनी बाळ उचललं, मला खाटेवर बसवलं आणि स्वतःच्या हाताने धरूनच तिला माझ्या अंगाला लावलं. केतकी हुंदके देत देत प्यायला लागली. फ्रॉक पांढरा होता. तीट कपाळाला होती, गालाला नव्हतीच; कंट्रोलरने ते मुद्दाम फसवून विचारलं होतं. ती पीत होती आणि मी पुन्हा पेंगायला लागले. सिस्टरांचा हात बाळाखाली होता म्हणून, नाहीतर ती तेव्हाच खाली गेली असती.

तिचं पिऊन झाल्यावर मी हात पुढे केले. सिस्टरांनी बाळ आपल्या खांद्यावर टाकलं.

"द्या ना," मी म्हणाले. "आता घरी जाते. घरी कळलं तर..."

"नाव काय तुझं?"

"शालन."

"आज वार कोणता, शालन?"

मी विचार केला. "सोमवार."

"शुक्रवार आहे. शेवटची कधी झोपलीस?"

"रात्री झोपले ना."

"किती वेळ?"

मी बोटांवर मोजायला लागले आणि मधेच चुकले.

"सलग दोन तास झोपलीस असं शेवटचं कधी झालं?"

मी मागे मागे जाऊन आठवू लागले. जानेवारी, संक्रांत, त्याआधी माहेर. सगळं एकच लांबलचक दुपार असल्यासारखं दिसत होतं. "बाळंतपणाच्या आधी," मी म्हणाले.

"मग हे बाळ मी तुला आत्ता देणार नाही," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "ती कोपऱ्यातली खाट आहे. तिच्यावर झोपायचं. झोप झाली की बाळ मिळेल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग मी उठून बाळ ओढायला गेले. त्या मागे सरकल्या. मी ओरडायला लागले, "माझी पोर आहे! तुम्ही कोण ठेवून घेणाऱ्या? पोर चोरताहेत, बघा हो!" खोलीतल्या दोन बाळंतिणी उठून बसल्या. मी सिस्टरांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाले, "सिस्टर, पुन्हा नाही होणार असं. शप्पथ. मला शिक्षा करा, पण पोर द्या. सासूबाई काय म्हणतील? हे काय म्हणतील? मला कुणी घरात घेणार नाही."

"शिक्षा कुणी केली नाही तुला. औषध देतेय," त्या म्हणाल्या. "आत्ता तुझ्या हातात बाळ दिलं आणि तू रस्त्यावर गेलीस, तर गाडीखाली दोघी जाल. टेम्पोत झोपली होतीस ना? मघाशी पाजताना तू पेंगत होतीस तेव्हा तो मुलाणी दाराबाहेरून मला सांगून गेला. बिचारा घाबरला होता. त्यालाच तुझ्या घरी निरोप द्यायला लावलाय."

माझं ओरडणं संपलं. मी जमिनीवर बसून राहिले.

"मला झोप येणारच नाही," मी म्हणाले. "आडवी झाले की तिचं रडणं ऐकू येतं. ती झोपली असली तरी येतं. सिस्टर, मला वेड लागलंय का?"

त्या पहिल्यांदाच माझ्याजवळ खाली बसल्या. बाळ त्यांच्या खांद्यावर होतं, त्यांचा हात तिच्या पाठीवर फिरत होता.

"वेड नाही लागलं. पण असंच चाललं तर लागेल," त्या म्हणाल्या. "मी तिला पलीकडे औषधांच्या खोलीत घेऊन बसते. दोन दारं मधे आहेत. खरं रडली तरी तुला ऐकू येणार नाही. म्हणजे तुला जे ऐकू येईल ते खोटं, असं समजायचं. भूक लागली की मी आणून पाजून नेईन. तू डोळेसुद्धा उघडायचे नाहीत. कळलं?"

त्यांनी मला हाताला धरून खाटेवर निजवलं. अंगावर दवाखान्याची ती जाड, लाल रेघांची चादर घातली. खिडकीचं दार लावलं. मी छताकडे बघत पडले होते. केतकीचं रडणं ऐकू आलं. हे खोटं, मी स्वतःशी म्हणाले. पुन्हा ऐकू आलं. हे खोटं.

दुपारचे दोन वाजले असतील. त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही. मधे कधीतरी कुणीतरी मला कुशीवर वळवलं, छातीशी ऊब आली आणि गेली. एकदा कुणीतरी डोकं उचलून पेज पाजली. मी जागी झाले तेव्हा खिडकीच्या फटीतून कोवळं ऊन येत होतं आणि अंगणात कुणीतरी झाडलोट करत होतं. आजूबाजूचं सगळं इतकं स्पष्ट दिसत होतं की मला भीती वाटली. भिंतीवर रंगाचे पोपडे होते. बादलीवर दवाखान्याचं नाव होतं, ते मी वाचलं आणि मला ते कळलं.

खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर हे बसले होते. मांडीवर केतकी, तीही तडा गेलेली फुलदाणी धरावी तशी दोन्ही हातांनी सांभाळून धरलेली. शर्टाची कॉलर ओली होती. दाढीचे खुंट वाढलेले.

"कधी आलात?" मी विचारलं.

"काल संध्याकाळी. सिस्टरांनी उठवू दिलं नाही तुला." मग म्हणाले, "शालन, विसरलीस कशी गं?"

रागावून नाही विचारलं. घाबरून विचारलं. 

दारातून सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, काल रात्री किती वेळ सांभाळलंत बाळाला?"

"रात्रभर मीच घेतली होती. झोपतच नाही हो ती. सारखी रडते."

"एका रात्रीत काय अवस्था झाली बघा तुमची. ही अडीच महिने तेच करतेय." त्यांनी केसपेपर पुढे ओढला आणि उभ्या उभ्याच लिहायला लागल्या. "गावातल्या प्रत्येक घरात जाऊन किती माणसं, किती खोल्या विचारताय ना? तुमच्या घरात एक माणूस झोपलेलं नाही, हे कुणी विचारायचं?"

ह्यांनी मान खाली घातली. सिस्टरांनी तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यावर डॉक्टरांच्या औषधांसारखं ओळीने लिहिलं होतं: आईला रोज सलग पाच तास झोप. दोन महिने. खाली सही आणि शिक्का. हे मास्तर माणूस, सहीशिक्क्याचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. मग चहा आणायला बाहेर गेले. जाताना बाळ माझ्याकडे देऊ की नको, अशा नजरेने सिस्टरांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "द्या आता तिला. आता चालेल."

केतकी माझ्या हातात आली. झोपली होती. मी तिच्या डोक्याचा वास घेतला.

"सिस्टर," मी म्हणाले, "मी विसरले नव्हते."

बाकीच्या दोघी बाळंतिणी बाहेर उन्हात गेल्या होत्या. सिस्टरांनी खोलीचं दार लोटलं आणि येऊन खाटेवर बसल्या.

"सगळ्या रस्त्याने ती रडत होती," मी सांगायला लागले. "माणसं वळून वळून बघत होती. फाटा यायच्या जरा आधी झोपली. मी तिला सीटवर ठेवलं, वरची पिशवी काढायला. गाडी थांबली. पिशवी घेतली, गाठोडं घेतलं. मग तिच्याकडे पाहिलं. पाहिलं, सिस्टर. मनात आलं, आता उचलली तर उठेल. उठली की रडेल. मी तशीच उतरले. खिडकीखाली उभी होते. कंडक्टरने दोनदा घंटा मारली. मी हाक मारली असती तर गाडी थांबली असती. मी नाही मारली. गाडी गेली तेव्हा इतकं शांत वाटलं. मनात आलं, आता झोपता येईल. आणि बाकावर बसून झोपले. त्या बाईने उठवेपर्यंत."

बाहेर झाडूचा आवाज चालू होता.

"मी कसली आई हो?" मी विचारलं. "ती मी होते का?"

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, नाही गं, तो तुझा भास आहे. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"तूच होतीस. दुसरं कोण असणार?" त्या म्हणाल्या. "पण अडीच महिने न झोपलेली तू. माणसाला जेवायला दिलं नाही तर आठवड्याभरात सगळ्यांना दिसतं. झोपू दिलं नाही तर कुणाला दिसत नाही. माझ्या नोकरीत मी अशा तीन बाया बघितल्या. त्यातल्या दोघींनी जीव दिला, इथे त्यांची पोरं तेवढी आली. तू बाकावर बसलीस आणि झोपलीस, हे मोठं नशीब समज."

मी रडत होते. पण ते रडणं वेगळं होतं, त्याला ताकद होती.

"हे ह्यांना सांगू?"

"आज नको. तुला जेव्हा सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. पण पुन्हा कधी तसं शांत शांत वाटायला लागलं ना, तर जो जवळ असेल त्याच्या हातात बाळ द्यायचं, कुणीही असो, आणि झोपायचं. विचार मग करायचा. न झोपता केलेला कुठलाही विचार खरा मानायचा नाही."

घरी गेल्यावर सासूबाई पट्टी बांधलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी ह्यांच्याकडून तो कागद वाचून घेतला. मग पाळण्याची दोरी आपल्या खाटेला बांधायला सांगितली. म्हणाल्या, "उचलायचं नाही म्हणालाय डॉक्टर. ओढायचं नाही असं कुठं म्हणालाय?" त्या दिवसापासून संध्याकाळी सातपासून बारापर्यंत केतकी त्या दोघांची. मी आतल्या खोलीत दार लावून झोपायचे. ती रडायची, हे तिला घेऊन फेऱ्या मारत पाढे म्हणायचे, सासूबाई दोरी ओढायच्या. पहिले दोन आठवडे मी अंथरुणात कान ताणून पडायचे. नंतर झोप लागायला लागली. चौथ्या महिन्यात केतकीचं रडणं आपोआप कमी झालं. मला माझं नाव आठवायला लागलं, वार आठवायला लागले, आणि एके दिवशी मी तिच्याकडे बघून हसले तेव्हा लक्षात आलं की याआधी कधी हसले होते ते आठवत नाही.

ह्यांना मी कधीच सांगितलं नाही. पुढे घरात त्याची एक गंमतच झाली. केतकीची आई तिला एसटीत विसरली होती, ही गोष्ट हे प्रत्येक लग्नाकार्यात सांगायचे. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचे. दुसरं काय करणार?

मागच्या वर्षी केतकीला मुलगा झाला. ती पुण्यात असते, मी तिच्याकडे गेले होते. बारशाला ह्यांनी नेहमीप्रमाणे ती गोष्ट सांगितली, सगळे हसले. केतकी हसली नाही. दोन दिवसांनी हे गावी परतले, जावईबापू कामावर गेले होते. भर दुपारी मी बाहेरून भाजी घेऊन आले तर ती स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली. मांडीवर पोर रडत होतं आणि ती भिंतीकडे बघत होती. डोळ्यांखाली काळं झालेलं. मी गेल्या आठ दिवसांत तिला म्हटलं होतं, जरा पड गं, आणि तिने म्हटलं होतं, मला जमतंय आई. आणि मी, इतकं सगळं ठाऊक असूनही, ते खरं मानलं होतं.

"आई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सकाळी मी याला घेऊन गॅलरीत उभी होते. खूप वेळ. एकदम शांत वाटत होतं."

भाजीची पिशवी माझ्या हातातून सुटली. मी तिच्याशेजारी फरशीवर बसले.

"मी भयंकर आहे ना?" ती म्हणाली. "तू निदान विसरली होतीस. मी तर..."

"मी तुला विसरले नव्हते," मी म्हणाले.

तिने मान वळवली. मी तिला सगळं सांगितलं, तेहतीस वर्षांनी, रडणाऱ्या पोराच्या आवाजावर आवाज चढवून. सीट, पिशवी, खिडकी, दोनदा वाजलेली घंटा. मी काहीही लपवलं नाही. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हे ज्या बाळाबद्दल सांगतेय तेच माझ्यासमोर बसलंय, आणि आता ते उठून निघून गेलं तरी मला काही म्हणता येणार नाही.

 केतकीने मुलाला उचललं आणि माझ्या हातात दिलं. भिंतीला धरून उठली, आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि थांबली.

"किती वाजता उठवशील?"

"उठवणार नाही," मी म्हणाले.

तिने दार लावून घेतलं.